भोर घाट खोलीत उतरवताना : मोठ्या मॉडेल रेल्वेच्या रुळांची पायरीपायरीने बांधणी

मॉडेल रेल्वेची गाडी घसरली की आपण आधी तिची चाके तपासतो आणि मग रूळ तपासतो. दोष मात्र बहुधा रुळाखालच्या प्लायवूडमध्ये, त्या प्लायवूडला उचलून धरणाऱ्या टेकूमध्ये, नाहीतर तो टेकू ज्या महिन्यात बसवला त्या महिन्याच्या हवेत असतो. रूळ हा या बांधणीतला सर्वांत वरचा आणि सर्वांत शेवटी येणारा थर आहे, त्यामुळे खालच्या प्रत्येक थरातली चूक त्याच्यावर येऊन उमटते. म्हणून या लेखात रुळांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल, आणि प्रत्यक्ष बांधणीतही तो लागू द्यावा.

उदाहरणासाठी कर्जत ते लोणावळा हा भोर घाट घेतला आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या चढाची लांबी सुमारे साडेपंचवीस किलोमीटर आणि एकूण चढण १,८३१ फूट होती. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट, म्हणजे २.७ टक्के होता. कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी जादा इंजिने जोडायची, ती लोणावळ्याला सोडायची, आणि दरम्यान पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी ठिकाणे ओलांडायची, हा सगळा व्यवहार मॉडेलसाठी फार समृद्ध आहे. काळ मात्र आधी ठरवावा. १९२९ पूर्वीचा घाट करायचा असेल तर खंडाळ्याजवळचे रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडी थांबवून उलट दिशेने पुढे काढण्याची जागा, आराखड्यात घ्यावी लागते. त्या वर्षी नवी मार्गरेषा आल्यावर ते बंद झाले. मी पुढे जे मांडतो आहे ते विजेच्या इंजिनांच्या काळाला धरून आहे.

कागदावरचा हिशेब

ही मांडणी एचओ या मॉडेल रेल्वेच्या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढी (१:८७) करायची आहे. या प्रमाणात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि ते खऱ्या १,४३५ मिलिमीटरच्या मार्गाशी जुळते. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा असल्याने तो काटेकोर करायचा तर १९.३ मिलिमीटर अंतराचे रूळ, पॉइंट (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती रुळांची जोडणी) आणि चाके सगळे हाताने घडवावे लागेल. मोठ्या मांडणीसाठी मी तो हट्ट धरू नये असेच म्हणेन. तयार रूळ वापरून वेळ बांधणीला द्यावा.

आता लांबी. घाटाचे साडेपंचवीस किलोमीटर या प्रमाणात सुमारे २९३ मीटर होतात आणि चढण जवळजवळ साडेसहा मीटर होते. कोणत्याही घरात हे मावणार नाही. म्हणून घाटातली कोणती दृश्ये ठेवायची आणि कोणती गाळायची याची निवड करावी लागते. माझी निवड कर्जतचे यार्ड, दोन बोगद्यांमधला एक पूल, ठाकूरवाडीची कॅच सायडिंग आणि लोणावळा स्थानक अशी आहे. कॅच सायडिंग गाळू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. उतारावर ताबा सुटलेली गाडी वर चढणाऱ्या त्या सायडिंगमध्ये घेऊन थांबवण्याची ही सोय म्हणजे घाटाची खरी ओळख आहे.

एलएचबी डबा, म्हणजे रेल्वेचा नव्या बनावटीचा लांब प्रवासी डबा, या प्रमाणात २७० मिलिमीटरचा होतो. २४ डब्यांची गाडी केली तर ती नुसत्या डब्यांचीच साडेसहा मीटर होईल. आठ डबे, पुढे एक आणि मागे तीन बँकर अशी गाडी साधारण ३.१ मीटरची होते, आणि ती डोळ्यांना पूर्ण गाडी वाटते. वळणाची त्रिज्याही या डब्यावरूनच ठरवावी. डब्याच्या लांबीच्या अडीच पट, म्हणजे ६७५ मिलिमीटर, ही भरवशाने चालण्याची किमान त्रिज्या मानावी. तिप्पट, म्हणजे ८१० मिलिमीटर, घेतल्यास डबे वळणावर शोभूनही दिसतात. आपल्या मांडणीत ७५० मिलिमीटर धरू.

वळणावर लांब डब्याचा मध्यभाग आत झुकतो आणि टोके बाहेर जातात. ७५० मिलिमीटरच्या वळणावर एलएचबी डबा मध्ये सुमारे ५ आणि टोकाला सुमारे ७ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे सरळ भागात दोन मार्गांच्या मध्यरेषांत ५० मिलिमीटर अंतर पुरत असेल तर वळणावर ६२ ते ६५ मिलिमीटर ठेवावे, नाहीतर समोरासमोर येणाऱ्या गाड्या एकमेकींना घासतील. बोगद्याच्या तोंडाची रुंदीही याच हिशेबाने वाढवावी.

खोली आणि मार्गाची आखणी

६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद खोली धरू. भिंतींच्या कडेने ६० सेंटीमीटर रुंदीचे मंच केले तर मार्गाची एक फेरी सुमारे १६ मीटरची होते. दुहेरी मार्ग खोलीभोवती दोनदा फिरवायचा. खालच्या फेरीच्या सुरुवातीला कर्जत सपाट ५ मीटरमध्ये, वरच्या फेरीच्या शेवटी लोणावळा सपाट ५ मीटरमध्ये, आणि मधले सुमारे २२ मीटर चढाचे. जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर कर्जत ठेवले की लोणावळा साधारण १४० सेंटीमीटरवर येते. वरची फेरी खालच्या फेरीच्या डोक्यावरून किमान २५ सेंटीमीटर वरून जाते, त्यामुळे खालच्या गाडीपर्यंत हात पोहोचतो आणि चढासाठी गोल जिन्यासारखी वेटोळी बांधण्याची गरज उरत नाही. वरचा मंच ३५ ते ४० सेंटीमीटर रुंदीचाच ठेवावा, म्हणजे खालचे कर्जत झाकले जाणार नाही.

दोन्ही टोकांना गाडी वळवणारी वर्तुळे लागतात. ती खोलीच्या एकाच कोपऱ्यात एकाखाली एक येऊ द्यावीत आणि त्यांच्या मध्यात माणूस खालून शिरून उभा राहील एवढी पोकळी ठेवावी. हाताच्या पोहोचीचा नियम कडक पाळावा: कडेपासून ७५ सेंटीमीटरपेक्षा लांब असलेल्या ठिकाणी पॉइंट, सांधा किंवा बोगद्यातले वळण ठेवू नये, कारण गाडी नेमकी तिथेच अडते. दार ओलांडण्यासाठी दोन्ही मजल्यांचे रूळ घेऊन उघडणारे, बिजागरीवरचे फाटक करावे. खाली वाकून जाण्याची सोय तरुणपणी चालते, पण ही मांडणी वीस वर्षे टिकावी म्हणून आपण बांधत आहोत.

आराखडा पूर्ण झाल्यावर तो खाकी कागदावर खऱ्या मापात काढून जमिनीवर पसरावा आणि पॉइंटच्या कागदी प्रती त्यावर ठेवाव्यात. कर्जतच्या यार्डात अमुक इतके लूप, म्हणजे मुख्य मार्गाला समांतर बाजूचे मार्ग, बसतील असे वाटत असते. पॉइंट ठेवत गेले की त्यातला एक हमखास कमी होतो. ते कागदावरच कळलेले बरे.

सांगाडा : दिवाळीनंतर

महाराष्ट्रात लाकूडकामाचा मुहूर्त हवामान ठरवते. जुलैत कापलेले पाइनवूड ओलाव्याने फुगलेले असते आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत आकसते. उलट रूळ उन्हाळ्यात प्रसरण पावतात. म्हणजे पावसाळ्यात सांगाडा करून लगेच रूळ अंथरले तर मार्च-एप्रिलमध्ये खालचे लाकूड आखडते, वरचा धातू लांबतो, आणि रूळ स्लीपर सोडून सापासारखे वाकतात. माझ्या पहिल्या मांडणीत एका कडेचा जवळजवळ दोन मीटर मार्ग असा वाकला आणि मला तो पूर्ण उचलावा लागला. तेव्हापासून मी वेळापत्रक पक्के केले आहे: दिवाळीनंतर सांगाडा, संक्रांतीपर्यंत त्याला खोलीच्या हवेत मुरू देणे, फेब्रुवारी ते एप्रिल रूळ, आणि खडी पुढचा एक पूर्ण पावसाळा पाहिल्यावरच.

सांगाड्यासाठी १८ मिलिमीटरचे पाणीरोधक प्लायवूड घेऊन त्याच्या ७५ ते १०० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या सुताराच्या दुकानातूनच कापून आणाव्यात. प्लायवूडचे थर आडवेउभे चिकटवलेले असल्याने ते सलग लाकडापेक्षा फार कमी फुगते आणि आकसते. या पट्ट्यांच्या चौकटी करून आडव्या पट्ट्या ४० सेंटीमीटरवर द्याव्यात. खिळे वापरू नयेत. स्क्रू वापरल्यास नंतर उंची बदलता येते. चौकट भिंतीला टेकवून न बसवता दोन-तीन सेंटीमीटर जागा मोकळी ठेवावी, म्हणजे भिंतीची ओल लाकडात उतरत नाही आणि वाळवी आली तर दिसते. पायांना खाली फिरवून उंची जुळवता येणारे बोल्ट लावावेत.

पातळी काढण्यासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्यावी. सोळा मीटरच्या फेरीत छोटी स्पिरिट लेव्हल पुढे पुढे सरकवत गेल्यास चूक साठत जाते, तर नळीतले पाणी खोलीच्या दोन्ही टोकांना एकच पातळी दाखवते. कर्जतची उंची आणि नंतर प्रत्येक मीटरला रुळाची असायला हवी ती उंची भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवावी.

चढ

सरळ भागात २.५ टक्के, म्हणजे मीटरला २५ मिलिमीटर, चढ द्यावा. वळणावर चाकांचे घर्षण वाढते. एचओमध्ये प्रचलित आडाखा असा की ३२ ला इंचांतल्या त्रिज्येने भागावे, आणि येणारे उत्तर तितके टक्के जास्तीचा चढ मानावे. आपली त्रिज्या जवळजवळ ३० इंच, म्हणजे वळणावर एक टक्क्याहून थोडी भर पडते. म्हणून वळणांवर चढ २ टक्क्यांवर आणावा. खरी रेल्वेही वळणावर चढ असाच सौम्य करते.

चढाचा पाट १२ मिलिमीटर प्लायवूडच्या लांब पट्ट्यांचा करून तो उभ्या टेकूंवर ३० ते ४० सेंटीमीटर अंतराने बसवावा. चढ मोजण्याची एक सोपी युक्ती आहे. एक मीटर लांबीच्या स्पिरिट लेव्हलच्या एका टोकाखाली २५ मिलिमीटर जाडीचा ठोकळा चिकटपट्टीने बांधावा. ठोकळ्याचे टोक उताराकडे ठेवून लेव्हल पाटावर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर आला की चढ बरोबर २.५ टक्के आहे. वळणांसाठी २० मिलिमीटरचा दुसरा ठोकळा ठेवावा.

सपाट भाग आणि चढ यांच्यामध्ये कोन राहू देऊ नये. किमान ५० सेंटीमीटर लांबीत चढ शून्यापासून हळूहळू वाढला पाहिजे, नाहीतर इंजिनाची पुढची चाके हवेत राहतात आणि कपलिंग सुटतात. १२ मिलिमीटरची पट्टी सलग ठेवून चढ सुरू होण्याआधीच्या टेकूवर घट्ट आवळली आणि पुढचा टेकू थोडा लांब घेतला तर ती स्वतःच असा बाक घेते. पाटाचा सांधा या ठिकाणी कधीही आणू नये.

रूळ

रुळाच्या उंचीला कोड म्हणतात. तो इंचाच्या हजाराव्या भागात असतो. कोड १०० चा रूळ २.५४ मिलिमीटर, कोड ८३ चा २.१ आणि कोड ७५ चा १.९ मिलिमीटर उंच असतो. दिसायला कमी उंचीचा रूळ खऱ्यासारखा वाटतो. बोगद्यात आणि टोकांच्या वर्तुळांवर, जिथे कोणी पाहत नाही, तिथे कोड १०० घ्यावा, कारण तो किरकोळ उणिवा सहन करतो. धातू जर्मन सिल्व्हरच असावा. त्यात चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते, आणि त्यावर गंज चढत नाही. पोलादी रूळ कोकणात किंवा मुंबईत एका पावसाळ्यात खराब होतात. लवचीक रूळ, पेकोचा असेल तर, ९१४ मिलिमीटरच्या तुकड्यांत मिळतो. सरळ रेषा आणि वळणे दोन्ही त्यातूनच करावीत.

पाटावर आधी मध्यरेषा आखावी. सरळ रेषेतून एकदम ७५० मिलिमीटरच्या वळणात शिरू नये. मध्ये संक्रमण वक्र द्यावा. त्यासाठी वळणाचे वर्तुळ सरळ रेषेपासून ११ ते १२ मिलिमीटर आत सरकवून आखावे. मग एक लवचीक लाकडी पट्टी अर्धी सरळ रेषेवर आणि अर्धी वर्तुळावर धरून ४५० मिलिमीटर लांबीत ती स्वतःच जो वक्र घेईल तो पेन्सिलने काढावा. या एवढ्याशा कामाने लांब डब्यांचे वळणात शिरणे इतके मऊ होते की ज्यांनी ते एकदा केले ते पुन्हा गाळत नाहीत.

मध्यरेषेवर ३ ते ५ मिलिमीटर जाडीचे कॉर्क दोन अर्ध्या पट्ट्यांत लावावे. वाळल्यावर सपाट ठोकळ्याला सँडपेपर गुंडाळून त्यावरून फिरवावा आणि बोटाला एकही उंचवटा लागणार नाही इतके ते सारखे करावे. रूळ चिकटवायला ॲक्रिलिक सीलंटचा पातळ थर उत्तम. तो वाळेपर्यंत रूळ सरकवता येतो आणि पुढे पातळ पात्याने इजा न करता सोडवताही येतो. फेव्हिकॉलने चिकटवलेला रूळ उचलताना मोडतो.

काम नेहमी पॉइंटपासून सुरू करावे. पॉइंट वाकवता येत नाही. लवचीक रूळ वाकतो. म्हणून कर्जतच्या यार्डाचे सगळे पॉइंट आधी जागेवर बसवून मग त्यांना जोडणारे रूळ कापावेत. पॉइंटखाली सीलंट लावू नये, कारण तो सरकत्या पट्ट्यांत शिरतो. दोन्ही बाजूंच्या रुळांनीच त्याला धरून ठेवावे.

वळणातला सांधा हे सर्वांत नाजूक ठिकाण. दोन तुकडे वेगवेगळे वाकवून जोडले तर सांध्यावर टोके सरळ होण्याचा प्रयत्न करतात आणि कोपरा तयार होतो. त्यामुळे दोन तुकडे टेबलावर सरळ असतानाच फिशप्लेट (रुळांची टोके जोडणारी छोटी पट्टी) घालून सोल्डर करावेत, आणि मग तो १,८२८ मिलिमीटरचा अखंड तुकडा वळणावर वाकवावा. वाकवल्यावर आतला रूळ जास्त पुढे येतो. तो कापून कानशीने टोक साफ करावे, टोकाची खालची धारही बोथट करावी, म्हणजे फिशप्लेट सहज चढते. सरळ भागातले सांधे मात्र सोल्डर करू नयेत. तिथे रुळाला हलायला जागा हवी. हिशेबासाठी सांगतो: दहा मीटर जर्मन सिल्व्हर २५ अंशांच्या फरकाने चार मिलिमीटरांहून थोडे जास्त लांबते. डिसेंबरच्या थंडीत रूळ बसवत असाल तर दर दोन तुकड्यांनी जवळजवळ एक मिलिमीटर फट ठेवावी. एप्रिलच्या दुपारी बसवत असाल तर टोके जवळजवळ भिडवली तरी चालते.

प्रत्येक तुकडा बसला की डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर पाहावे. वरून न दिसणारे वाकडेपण तिथे लगेच दिसते. मग एनएमआरएची (मॉडेल रेल्वेची मानके ठरवणाऱ्या अमेरिकन संघटनेची) मापपट्टी दोन्ही रुळांवर टेकवून अंतर तपासावे, आणि सांध्यावरून बोटाचे नख दोन्ही दिशांनी फिरवावे. नख अडले तर चाकही अडेल.

वीज

फिशप्लेटच्या भरवशावर वीज पुढे जाऊ देऊ नये. जर्मन सिल्व्हर तांब्याच्या तुलनेत फारच कमी वीजवाहक आहे आणि फिशप्लेट पावसाळ्यानंतर सैल किंवा मळकट होतात. मंचाखालून घरगुती वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची दोन रंगांची मुख्य तार सगळ्या फेऱ्यांतून न्यावी, आणि प्रत्येक तुकड्याला ०.५ चौरस मिलिमीटरच्या, ३० सेंटीमीटरपेक्षा आखूड, दोन तारा रुळाच्या बाहेरच्या बाजूला सोल्डर करून त्या मुख्य तारेला जोडाव्यात. वळणात सोल्डर केलेल्या जोडतुकड्याला एक जोडी पुरते. रंगांची शिस्त कधीही मोडू नये.

बँकरसह गाडी चालवायची म्हणजे एकाच मार्गावर चार इंजिने स्वतंत्रपणे ताब्यात हवीत, आणि त्यासाठी डीसीसी पद्धतच, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश पाठवण्याची पद्धत, योग्य आहे. मार्गाचे कर्जत, खालचा घाट, वरचा घाट आणि लोणावळा असे चार वीजविभाग करून प्रत्येकाला वेगळा सर्किट ब्रेकर द्यावा. मग दर मीटरवर दोन्ही रुळांवर दोन रुपयांचे नाणे आडवे ठेवून पाहावे. ब्रेकर तत्काळ पडला पाहिजे. पडला नाही तर तिथे तारा कमी आहेत, आणि प्रत्यक्ष शॉर्टच्या वेळी तिथेच डब्यांची चाके तापून प्लास्टिक वितळेल.

आपल्या आखणीत एक सापळा आहे. टोकांच्या वर्तुळांमुळे दोन्ही मार्ग विजेच्या दृष्टीने एकच लांब वेटोळे आहेत. ते फक्त फिरण्यापुरते असेल तर काही अडचण नाही. पण कर्जतला अप आणि डाउन मार्गांना जोडणारा क्रॉसओव्हर टाकताच एका मार्गाचा डावा रूळ दुसऱ्याच्या उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. अशा ठिकाणी गाडीच्या लांबीपेक्षा मोठा भाग दोन्ही टोकांना इन्सुलेटेड फिशप्लेटने तोडून त्याला आपोआप ध्रुवता बदलणारे उपकरण लावावे. (घाट चढून पुण्याकडे जाणारी गाडी रेल्वेच्या भाषेत डाउन असते, हे तारांवर चिठ्ठ्या लावताना ध्यानात ठेवावे.)

चाचणी, पावसाळा आणि मग खडी

रूळ पूर्ण झाल्यावर लगेच डोंगर उभारण्याची घाई होते. ती आवरावी. आधी डब्यांचे वजन सारखे करावे. एनएमआरएच्या शिफारशीप्रमाणे २७० मिलिमीटरच्या डब्याला साधारण १८० ग्रॅम येते. हलका डबा मागून बँकरने ढकलला की वळणावर बाहेर फेकला जातो, आणि दोष उगाच रुळाला दिला जातो. मग चारही इंजिनांचे वेग एकमेकांशी जुळवावेत. सर्वांत लांब गाडी प्रथम पुढे ओढून, नंतर पूर्ण मार्गभर मागे ढकलत चालवावी. घसरण झाली त्या जागी कागदाची चिठ्ठी चिकटवावी. एकाच जागी तीन चिठ्ठ्या झाल्या की तिथला रूळ उचलून पाट, कॉर्क आणि सांधा पुन्हा तपासावा.

जून ते सप्टेंबर ही मांडणी अशीच उघडी, पण धुळीपासून झाकलेली, ठेवून आठवड्यातून दोनदा चालवावी. लाकूड कुठे फुगते, कोणती फट बंद होते, कोणता पॉइंट जड होतो, हे याच महिन्यांत कळते. मांडणीखाली पालींचा वावर असतो आणि त्या रुळांवरून धावताना पॉइंटच्या मोटारींत अडकतात; मोटारींना झाकणे करावीत.

ऑक्टोबरमध्ये खडी. खऱ्या मार्गावरची ६५ मिलिमीटरपर्यंतची खडी एचओमध्ये जास्तीत जास्त ०.७५ मिलिमीटर होते, म्हणजे रव्याच्या चाळणीतून पडणारा आणि मैद्याच्या चाळणीवर राहणारा कण. आपल्याकडे घाटातली खडी काळ्या पाषाणाचीच असते, त्यामुळे क्रशरवरचा चुरा आणून चाळण्याचा मोह होतो आणि रंग तर हुबेहूब मिळतो. पण दख्खनच्या बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. चुऱ्यातून चुंबक फिरवला की कण त्याला चिकटलेले दिसतात, आणि तेच कण पुढे इंजिनाच्या मोटारीतले चुंबक ओढून घेतात. त्यामुळे चुंबक पुन्हा पुन्हा फिरवूनही कण चिकटत राहिले तर तो चुरा सोडून संगमरवराचा बारीक चुरा घ्यावा आणि त्याला काळसर राखाडी रंग द्यावा.

खडी कोरडीच पसरून मऊ ब्रशने स्लीपरांच्या मध्ये सारावी. स्लीपरांच्या वर आणि पॉइंटच्या सरकत्या पट्ट्यांजवळ एकही कण राहू देऊ नये. आधी पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घालून बारीक फवारा द्यावा, मग एक भाग फेव्हिकॉल आणि तीन भाग पाणी ड्रॉपरने थेंब थेंब सोडावे. चोवीस तास हात लावू नये. वाळल्यावर रुळांचे माथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पुसावेत. सँडपेपरने घासल्यास बारीक चरे पडतात आणि मळ त्यांत अधिकच साठतो. त्यानंतर पहिली गाडी कर्जतहून एकट्या इंजिनाने काढावी, बँकर न जोडता, आणि ती घाटात नेमकी कुठे दमते ते पाहून त्या जागेचा चढ ठोकळा लावलेल्या लेव्हलने पुन्हा एकदा मोजावा.